मुद्देमाल

ग्रिम्स्बीच्या कोर्टात मराठी लागते
वर्षातून एखाद्या वेळी.
मी डॉनकास्टरहून सकाळची गाडी पकडते,
पिशवीत डबा, छत्री आणि ती वही
जिच्यात एकोणीस वर्षं मी गुन्हे साठवलेत.
केलेले नव्हेत. नुसते शब्द.

घरात शिरून केलेली चोरी यांच्याकडे वेगळी,
धाक दाखवून केलेली वेगळी,
आणि आपल्याकडेही काही कमी नाही.
भुरटा आणि दरोडेखोर एका पंगतीला बसत नाहीत.
उचल्या म्हटलं की आधी बोटं दिसतात.
अफरातफर हा शब्द तर
कायम इस्त्रीचा शर्ट घालूनच येतो.

'गिल्टी'शी मात्र माझं कधी जमलं नाही.
ते म्हणतात, हो की नाही, एवढंच.
मी विचारते, गुन्हा कबूल आहे का,
आणि समोरचा माणूस
आईच्या शेवटच्या दिवसांत गेलो नाही
तिथपासून आठवायला लागतो.
तेवढा वेळ नसतो. पुढची केस दहा-चाळीसला.

आज निर्मला रणपिसे, वय एकेचाळीस, तालुका फलटण.
म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायचं काम.
मिसेस हॅलम नावाच्या बाईंची अंगठी
हिच्या खोलीत सापडली, चहाच्या डब्यात,
रुमालाला तीन गाठी मारलेली.
वकील वाचतो: कायमची हिरावून घेण्याच्या इराद्याने.
मी ते तिच्या कानाशी मराठीत सांगते
आणि ती माझ्याकडे अशी बघते
की जणू आळ मीच घेतला.

"अहो ताई, त्यांनी ठेव म्हणून दिली होती."

ठेव.
वही उघडायची गरजच नव्हती.
ठेव म्हणजे दुसऱ्याचं, आपल्यापाशी.
ते घालायचं नाही, मोडायचं नाही,
रात्री मध्येच उठून फक्त बघायचं, आहे ना.

पदरचं घालणार नाही, काही गाळणार नाही
अशी शपथ घेतली होती मी सकाळीच.
तीन सेकंद. रेडिएटर टकटकत होता.
म्हटलं, शी गेव्ह इट टु मी टु कीप.

अक्षरशः बरोबर. कुणीही तपासावं.
पण त्या 'कीप'मध्ये इंग्रज माणूस
वस्तू देऊन मोकळा होतो,
मागं वळून बघत नाही.
मधल्या मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्मा काढला.
बक्षीस दिली होती तर, असं
त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं.
दुभाष्याला हात वर करता येतो.
एक शब्द स्पष्ट करायचाय, असं म्हणता येतं.
मी पेन्सिल इकडची तिकडं ठेवली.

आणि मिसेस हॅलम तरी काय म्हणाल्या असतील?
बहुधा हेच. कीप इट, लव्ह.
मग माझ्या आधी, पाय पुसता पुसता,
निर्मलानंच त्याचं मराठी करून घेतलं असणार.

सुटली. दोन वाजून पाच मिनिटांनी.
बाहेर मासळीचा वास, वाऱ्यानं छत्री उलटी.
पोलिसानं सही घेऊन मुद्देमाल परत केला होता,
नंबर टाकलेल्या पारदर्शक पिशवीत.
ती पिशवी दोन्ही हातांत धरून ती म्हणाली,
"बाई तर मार्चातच गेल्या.
त्यांची लेक मला दारात उभी करायची नाही.
आता ही कुणाला नेऊन देऊ?"

मी तिला बसची वेळ सांगितली.

गाडीत वही काढली.
ठ च्या पानावर, ठकबाजीच्या खाली,
'ठेव' लिहून पुढं रेघ ओढली
आणि स्कनथॉर्प येईपर्यंत
पेनाचं टोपण शोधत बसले.